टावरचं पाणी

आमच्या गावात पाण्याच्या टाकीला सगळे टावरच म्हणत. तिची लोखंडी शिडी इतकी उभी, की महिन्याला वर चढून, आत उतरून टाकी घासायचं काम बाबांशिवाय कोणी घेत नसे. तीन वर्षं ते घासत होते आणि सारं गाव ते पाणी पीत होतं. घासणारा कोण, हे कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही धम्म घेतला त्याच्या पुढचा उन्हाळा. मी मॅट्रिकला जाणार होते. इंग्रजीच्या गुरुजींनी सुट्टीपुरता शब्दकोश दिला होता, त्यात टावर काढून मी बाबांना वाचून दाखवला. मनोरा, बुरूज, कैदी कोंडायची गढी, शिवाय ज्याच्या आधारावर दुसऱ्यांनी उभं राहावं असा माणूस.

"इंग्रजाचाच शब्द ना हा?" बाबांनी विचारलं.

"नाई बाबा. त्यानं फ्रेंचाकडून घेतला, फ्रेंचानं लॅटिनमधून, अन् लॅटिनमधे ग्रीकातून आला. त्याच्या आंधी कोणाचा होता, ते पुस्तकालेही ठाऊक नाई."

"इतक्या जनाच्या तोंडातून आला, अन् बाटला नाई?" बाबा हसले. मीही हसले.

चारच दिवसांनी बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत बाबा झेंडा घेऊन पुढे चालले. पेठेतल्या एका किराणा दुकानदारानं त्यांना ओळखलं, टाकी घासणारा तो हाच. संध्याकाळपर्यंत ते पेठभर झालं, आणि टाकी बाटली म्हणून पेठवाल्यांनी भर उन्हाळ्यात ती भरलेली टाकी नालीत सोडायला लावली. मी तिथंच उभी होते. नाली भरून गुडघाभर पाणी रस्त्यावरून वाहत होतं. टाकीच्या कारकुनानं बाबांना सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

दोन दिवस नळ कोरडे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच कारकून आमच्या दारात.

"चाल बाबा. पेठवाले धुतल्याबिगर टाकी भरू देत नाईत, अन् त्या शिडीवर कोणी चढाले तयार नाई."

मला वाटलं, माझ्याच कानात काही बिघडलंय.

"बाटली माह्या हातानं," बाबा म्हणाले, "अन् धुवाची बी माह्याच हातानं?"

कारकून जराही ओशाळला नाही. "कोणाले सांगू नोको, म्हंजे झालं. तुही नोकरी बी राह्यते."

बाबा उठले आणि गेले. मला त्यांचा इतका राग आला, की मी मागोमाग निघाले ते भांडायलाच. टावरखालच्या नळाशी घागरींची लांब रांग होती. दुपारी टाकी धुऊन झाली, पाणी चढू लागलं. बाबा खाली उतरले नाहीत. वरच्या कठड्याला धरून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आयका हो. टाकी म्या धुतली. आज बी, अन् तीन वर्सं बी मीच."

कारकुनानं कपाळाला हात लावला. रांगेतल्या साऱ्या माना वर गेल्या. सगळ्यात पुढे तोच दुकानदार होता. नळाला पाणी आलं. त्यानं एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपली घागर नळाखाली लावली.