आसरांपुढं बसायची जागा

कुरुंद्याच्या गोजरबाईचं तोंड बंद करणं म्हणजे हळद शिजवायच्या कढईवर झाकण दाबून धरणं. वाफ कुठून ना कुठून निघणारच. गावातल्या सगळ्या सुनांच्या कंबरा, पित्त, पाठदुख्या तिला पाठ. स्वतःच्या गुडघ्यांचं मात्र बाईनं कधी नाव काढलं न्हाई.

गुडघे दोन वर्षांपासून भुईवर बसण्याइतके वाकत नव्हते. लग्नात खुर्ची, कीर्तनात खुर्ची, जेवायला पलंगाचा काठ. एकाच ठिकाणी खुर्ची चालत नव्हती, शेतातल्या विहिरीपाशी, साती आसरांपुढं. पाण्याच्या या देवी म्हणजे शेंदूर माखलेले सात दगड, बांधावर भुईला टेकलेले. आसरा खाली अन् आपण खुर्चीवर वर, हे कसं बराबर दिसंल? आसरा तर जागच्या हलवायच्या नसतात. मग गोजरबाईनं जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "शेतात लई चिखल हाय." भर उन्हाळ्यात.

पण आता सून कोमलचे दिवस भरत आले होते. या घरात लेकरू सव्वा महिन्याचं झालं की थोरली बाई त्याला मांडीवर घेऊन आसरांपुढं बसते अन् ओटी भरते. उभ्या बाईला मांडी कुठून यायची? हे डोक्यात घोळून घोळून तिची झोप उडाली, तरी बोलंल तर शपथ.

तेवढ्यात नांदेडहून आर्किटेक्चरची पोरं आली. गावातली एखादी छोटी देवाची जागा आखायची अन् जमलं तर स्वतः बांधायची, असं त्यांना कॉलेजानं काम दिलेलं. गोजरबाईच्या मालकांनी, किसनरावांनी, त्यांना सरळ आपल्या आसरांपाशी नेलं. गोजरबाईबी मागून काठी टेकीत आली. नवी माणसं आली अन् ही घरी बसली, असं कधी झालंय का?

पोरांतली शितल टेप घेऊन पुढं झाली. "मावशी, इथं काय काय पाहिजे तुम्हाला?"

"कळस पाहिजे. टाइल्स पाहिजेत. घंटा पाहिजे, मारुतीच्या देवळात हाय तशी."

"अन् पूजेला कुठं बसता? बसून दाखवा, मी माप घेते."

"बसते की. इथं बसते, तिथं बी बसते."

"मग बसा ना."

"आत्ताच जेवून आले, बाई."

किसनराव तंबाखू मळता मळता हसले. "ती काय बसती, पोरी. खाली बसली तर उठवायला बैल जुपावे लागतील. अन् खुर्ची घेतली तर देवापेक्षा उंच होती. दोन वर्षं झाली, आलीच न्हाई इकडं. आता नातवंड येऊन राहिलं, अन् ही रातभर कूस बदलून राहिली."

"तुमाला कुणी विचारलं व्हतं?" गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

शितल हसली न्हाई. तिनं बांधाकडं पाहिलं अन् पलीकडच्या खालच्या शेतात उडी मारली. तिथं उभी राहिली तर आसरा तिच्या छातीला लागल्या.

"मावशी, या बाजूनं कुणी येतं का?"

"तिकडून काहून येतील? सगळे वरूनच येतात."

"मग आपण इकडून येऊ."

पोरांनी आसरांना बोट लावलं न्हाई. खालच्या अंगानं बांध कोरला, माती ढासळू नये म्हणून दगड रचले, बसायला ओटा अन् हात टेकायला कठडा केला. गाडीवाटेपासून तिथवर सपाट वाट, एक पायरी न्हाई. खोदकाम चालू असताना शेजारची रूपाबाई येऊन म्हणाली, "गोजरे, देवापाशी शोषखड्डा खांदून राहिली का?"

"व्हय. तुझ्यावाणी बायांच्या जिभा जिरवायला."

कोमलला पोरगी झाली. सव्वा महिन्यानं सगळे शेतात जमले, तर गोजरबाई अडून बसली, नांदेडची पोरगी आल्याबिगर ओटी न्हाई. शितल दुपारच्या एसटीनं आली तेव्हा कुठं बाई हलली. सपाट वाटेनं चालत गेली, कठडा धरून ओट्यावर टेकली. आसरा तिच्या कपाळाच्या जराशा वरच राहिल्या. कोमलनं लेकरू मांडीवर दिलं. गोजरबाईनं आसरांना कुंकू लावलं, ओटी भरली, अन् तेच बोट शितलच्या कपाळाला टेकवलं.

"माझ्या मांडीवर लेकरू आलं ते तुझ्यामुळं," एवढंच बोलली. एवढं थोडं बोलताना गावानं तिला पहिल्यांदाच ऐकलं.

ओटी झाली, नारळ फुटला, पोरगी झोपली, तरी बाई उठंना.

"चल की आता," किसनराव म्हणाले, "ऊन कललं."

"तुमी व्हा पुढं," गोजरबाई म्हणाली. "माझं दोन वर्षांचं बसणं राह्यलंय."