वेचणीवरची वसुमती

दर मंगळवारी दुपारी अडीच वाजता जयवंताबाईचं डोकं फिरायचं, आणि ते फिरवून घ्यायला ती स्वतःच दोन वाजल्यापासून टीव्हीपुढे बसायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. जयवंताबाईच्या हौसेला तर सुखही नव्हतं.

आंध्रातल्या भैंशापासून चार कोसांवर, महाराष्ट्राच्या शिवेला खेटून असलेल्या गावात तिचं सासर. सत्त्याऐंशी साली कापूस बरा झाला तेव्हा नवऱ्याने, चंपतरावांनी, काळा-पांढरा टीव्ही आणला. अँटेनाचं तोंड नांदेडकडे केलं, कारण मराठी तिकडून यायचं. त्यावर वानरं झोके घेत आणि चित्रात मुंग्या येत, तरी जयवंताबाईने रविवारची सकाळ सोडली नाही की संध्याकाळ सोडली नाही. पुढे दुपारच्या मालिका सुरू झाल्या, तेव्हा तर तिला वाटलं, दिल्लीत कुणाला तरी अक्कल आली. भाकरी-भांडी आटोपून बाईमाणूस जरा टेकतं ते त्याच वेळेला.

त्यातली मंगळवारची मालिका तिच्या मानगुटीवर बसली. मालिकेचं नाव लांबलचक हिंदी होतं. गावात ती नुसतं 'वसुमतीचं' म्हणून चालली. वसुमती म्हणजे मोठ्या हवेलीतली धाकटी सून. नवरा गेलेला, कारखाना दिराच्या ताब्यात, आणि ही बया सासूचे पाय चेपत डोळे गाळते. पहिलं वर्ष जयवंताबाईने तिच्यासोबत डोळे पुसले. दुसऱ्या वर्षी तिने पदर गुंडाळून ठेवला. तिसऱ्या वर्षी ती टीव्हीशी भांडायला लागली.

भांडेल नाही तर काय? वसुमतीचा नवरा आधी मेला, मग परत आला, मग दुसऱ्याच तोंडाचा आला, मग पुन्हा मेला. एका वाक्यावर सगळ्यांची तोंडं एकेक करून दाखवायची, मागे ढोल बडवायचा आणि भाग संपवायचा. चूल कुठे दिसत नाही, पण जेवायला बारा माणसं. बाईच्या अंगावर दागिने सहा तोळ्यांचे आणि तोंडात शब्द एक नाही. 'अगं, बोल की!' असं जयवंताबाई इतक्या जोरात ओरडायची, की ओसरीवर झोपलेले चंपतराव दचकून उठायचे.

एवढं असून बघणं सोडायची सोय नव्हती, कारण बुधवारी वेचणी असायची. कापूस फुटला की सगळ्यांच्याच शेतात एकदम फुटतो आणि वेचणाऱ्या बाया तेवढ्याच. त्या कुणाकडे जायचं हे त्याच ठरवतात. त्या बुधवारी चंपतरावांच्याच शेतात येत, कारण तिथे जयवंताबाई स्वतः कापसाला ओटी बांधून आपल्या ओळीची पाथ धरायची आणि वेचता वेचता कालची वसुमती मराठीत सांगायची. तिचं माहेर भैंशातलं, जिनिंगच्या कुंपणाशेजारचं. व्यापाऱ्यांची हिंदी तिच्या कानात लहानपणापासून मुरलेली. बाकीच्यांना ती मालिकेतली गुळगुळीत हिंदी अर्धीच कळायची. शेजारचे उत्तमराव म्हणायचे, आमच्या कापसाला बाया मिळत नाहीत, आम्हीपण एक टीव्ही आणावा म्हणतो.

पण सांगणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? शिव्या. मेलेला नवरा परत आला त्या बुधवारी प्रयागबाईने सगळ्यांदेखत कंबरेवर हात ठेवला आणि विचारलं, "मागल्या बुधवारी मेला म्हनत होता ना तुमी? आमी उगाच रडलो काय?" चुली नसलेल्या हवेल्या बांधणारे राहिले दिल्ली-मुंबईत, आणि खोटारडी ठरली जयवंताबाई. गावात कुणाचं भांडण झालं तर 'जयवंताबाईले विचारा' म्हणायची रीत होती, त्या तोंडाला हा डाग.

त्या बायांत रुख्मिणी होती. शेजारची पाथ धरायची, मान वर करायची नाही. नवरा तीन वर्षांपूर्वी साप चावून गेला. पदरात एक मुलगी. त्याच्या वाटणीचं चार एकर रान दीर देवाजी करायचा आणि हिला गोठ्याला लागून एक खोली, वर दोन पायल्या ज्वारी. आपल्या नवऱ्याच्या शेतातला कापूस दुसऱ्या बायांनी वेचायचा आणि हिने लोकांच्या शेतात जायचं, असा न्याय. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जयवंताबाईसुद्धा बोलत नव्हती, हे लिहिलंच पाहिजे.

पंच्याण्णवच्या पौषातला मंगळवार. वसुमतीच्या दिराने कागद पुढे केला, 'भाभी, इस पर अंगूठा...' आणि करंट गेला. जयवंताबाईने ट्रॅक्टरची बॅटरी आणवली, ती उतरलेली. साडेतीनला करंट आला तेव्हा पडद्यावर कुणीतरी खताची माहिती देत होतं. तीन वर्षं वाट पाहिलेला भाग गेला. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्तच राग आला.

बुधवारी सकाळी बाया ओळीने उभ्या राहिल्या. करंट गेला, काही पाहिलं नाही, एवढंच सांगायचं होतं. तिने तोंडही उघडलं. पण तीन वर्षांचा राग आधी बाहेर पडला. तिने सांगितलं, की वसुमतीने तो कागद फाडला. देवघरातून उठली, चप्पल घातली, सासूच्या समोर दिराला म्हणाली, माझ्या मालकाचा हिस्सा माझ्या नावावर चढव, आणि नवऱ्याचा मेल्याचा दाखला घेऊन थेट मंडल कचेरीत, म्हणजे आंध्रातल्या तहसिलीत, गेली. तिथे तिने दरखास्त दिली.

"दिल्लीलेबी मंडल असते का?" प्रयागबाईने विचारलं.

जयवंताबाई म्हणाली, सगळीकडे असते. चंपतरावांच्या नावावर शेत चढवताना तिने स्वतः त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यामुळे वसुमतीला कोणत्या खिडकीवर जायचं, शिपायाशी काय बोलायचं, पहाणीची म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याची नक्कल कशी मागायची, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. त्या दिवशी बायांनी दुपारपर्यंत एवढा कापूस वेचला की पोती कमी पडली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. रुख्मिणीने मात्र पाथेच्या टोकाला पोचल्यावर हळूच विचारलं, "मेल्याचा दाखला कोन देते, बाई?"

ग्रामपंचायत, जयवंताबाई म्हणाली, आणि विसरून गेली.

पुढच्या मंगळवारी करंट होता, वानरंही नव्हती. वसुमती सासूचे पाय चेपत होती. कागदावर अंगठा उठलेला. सगळ्यांची तोंडं एकेक करून दिसली, ढोल वाजला. जयवंताबाईने हातातला तांब्या भिंतीवर मारला.

बुधवारी काय सांगावं या विवंचनेत ती शेतात गेली, तर रुख्मिणी आली नव्हती. ती कचेरीत दरखास्त देऊन आली होती आणि देवाजीने तिची भांडी गल्लीत फेकली होती. लेकीला घेऊन ती प्रयागबाईच्या पडवीत राहत होती. त्या दिवशी जयवंताबाईने डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि नुसतीच वेचत राहिली.

संध्याकाळी देवाजी ओसरीवर येऊन बसला. चंपतरावांना म्हणाला, तुमच्या टीव्हीनं माझं घर फोडलं. तो गेल्यावर चंपतरावांनी बायकोला विचारलं आणि तिने सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "तिले सांगून टाक. खोट्यावर घर सोडलं तिनं. उद्या कचेरीतून हात हलवत आली तं कोनाच्या तोंडाकडं पाह्यन?"

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच तिला झोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा वसुमती शहाण्यासारखी वागली होती, तेही खोटं. आणि त्या खोट्यापायी एक खरी बाई उघड्यावर आली होती. आता आपल्या शब्दाला गावात कोण विचारणार, हे मनात आलं आणि त्याचीही तिला लाज वाटली. रुख्मिणी पडवीत झोपते आणि आपण आपल्या तोंडाचं बघतो.

पुढल्या मंगळवारी तिने रुख्मिणीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तोंडाने सांगायची हिंमत होईना. म्हटलं, डोळ्यांनीच बघू दे. रुख्मिणी येऊन भिंतीला टेकून बसली. मालिका लागली. दिराने वसुमतीला देवघरातूनही बाहेर काढलं होतं आणि ती उंबऱ्यावर डोकं टेकून रडत होती. पाच मिनिटं रडली. भाषा कळायची गरजच नव्हती.

"त्या दिवशी करंट नव्हता," जयवंताबाई पडद्याकडे बघतच म्हणाली. "म्या काईच पाह्यलं नोतं. कागद फाडला, कचेरीत गेली, थे सगळं मनानंच सांगितलं. माह्यं चुकलं, रुख्मिणी."

रुख्मिणी वसुमतीकडे बघत राहिली. तिचे दागिने, तिची हवेली, तिचं ते टेकलेलं डोकं. ढोल वाजला, पाटी आली, तेव्हा तिने निःश्वास टाकला.

"बिचारी वेचनीले जात नसन," ती म्हणाली. "नाईतं कोनीतरी सांगितलं असतं तिले."

मग पदर खोचत उठली. उद्या कचेरीत बोलावणं होतं, देवाजीही यायचा होता. तिथला नवा साहेब तेलुगूशिवाय बोलत नव्हता. रुख्मिणीला तेलुगू येत नव्हती. जयवंताबाईला ती माहेरी, भैंशात, ऐकून ऐकून आली होती, आणि कोणत्या खिडकीवर काय म्हणायचं हेही ठाऊक होतं.

"उद्या बुधवार हाये," जयवंताबाई म्हणाली. "बाया वाट पाहतीन."

"पाहू द्या. परवा सांगा त्याईले."

जयवंताबाईने टीव्ही बंद केला आणि सकाळची बस किती वाजता असते ते विचारलं.