टीव्हीतल्या ठाण्याच्या नावे आलेलं कार्ड

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते.

तेव्हा टीव्हीवर पोलिसांची एक मालिका वर्षानुवर्षं चालली होती. त्यातलं शहर काल्पनिक, ठाणंही काल्पनिक. एके सकाळी पोस्टमननं त्याच ठाण्याच्या पत्त्यावरचं पोस्टकार्ड आमच्या भिलाईच्या ठाण्यात आणून दिलं. असं शहर कुठंच नव्हतं, म्हणून त्यानं जवळचं ठाणं गाठलं.

मजकूर मराठीत. ठाण्यात मराठी वाचणारा मी एकटा, घराण्यातला पहिला बी.ए. मोठ्यानं वाचून सगळ्यांना हिंदीत सांगत गेलो. शुद्धलेखनावर सर्वांत जास्त मीच हसलो. शेवटच्या ओळीवर थांबलो: सेक्टर दहाच्या चोरीतला रंगारी निर्दोष आहे.

ती केस माझीच. क्वार्टरमधून सोन्याच्या पाटल्या गेल्या, तिथं रंगकाम करणाऱ्याला मी उचललं, कबुली घेतली. तो दुर्गच्या जेलात होता. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र कोर्टात जाणार होतं.

कार्डावर लिहिणाऱ्याचा क्वार्टर नंबर होता. गेलो, तर चोरी झालेल्या घराच्या शेजारचीच म्हातारी निघाली.

"मावशी, ते ठाणं खोटं आहे. तिथं कावून लिहिलं?"

"मले समजत नाही का? तुमच्या ठाण्यात तीन खेपा आली. मुन्शीनं दारातूनच हाकललं. म्हटलं, हसाले का होईना, हे तरी वाचतीन."

"रंगारी निर्दोष कशावरून?"

"चोरी झाली तवा क्वार्टरांची अर्धी लाईन माह्या घरी मालिका पाहून राहिली होती. तो गच्चीवर अँटेना धरून उभा. रोज चित्र नाचे, त्या दिवशी साफ दिसलं."

"बाकीचे बोलले का नाहीत?"

"पोलिसाच्या भानगडीत कोण पडते, साहेब?"

मी लाईनीतल्या प्रत्येकाला वेगळं बसवून एवढंच विचारलं, त्या दिवशी चित्र कसं होतं? सगळे म्हणाले, साफ. फिर्यादीचा मेहुणाही चोरीच्या वेळी आपण म्हातारीकडंच मालिका पाहत होतो असं सांगत असे. तो म्हणाला, "रोजच्यासारखंच, नाचून राहिलं होतं."

संध्याकाळच्या आत पाटल्या त्याच्या स्कूटरच्या डिकीत सापडल्या.

रंगारी सुटला त्या दिवशी मी जेलच्या दारात गेलो. माफी कशी मागतात ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. म्हटलं, "एंटीनावाली बात पता चल गई."

तो म्हणाला, "साहब, मैंने तो पहले ही दिन बोला था."

खरं होतं. त्याच वाक्यावर मी त्याला पहिली थप्पड मारली होती. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत आरोपीचं पहिलं वाक्य मी आधी कागदावर उतरवलं, मगच स्वतः तोंड उघडलं.