पंपाचं सॉकेट

चाळीस वर्षं वायरमनचं काम करून त्यांनी घर बांधलं नाही की गाठीला काही ठेवलं नाही. कमावलं ते एक टोपणनाव. नाक. "नाकाला पाठवा हो," असं गिऱ्हाईक सरळ फोनवर म्हणायचं. नाक यायचे, बोर्डासमोर डोळे मिटून दोनदा सूं-सूं करायचे आणि कोर्टात निकाल वाचावा तसं सांगायचे, "तिसरं बटण. आत स्क्रू सैल. उघडा." उघडलं की तिसरंच बटण काळं! बाकीचे वायरमन बोर्डाला उलटा हात लावून तापलंय का ते बघायचे. नाकांना तो कमीपणा वाटे. "हात लावायला मी काय ताप बघायला आलोय?"

बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. दीड वर्षापूर्वी आजारी पडले, ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. साबण, चहा, जळकी वायर, सगळं सारखंच. कुणाला बोलले नाहीत. कामावर सूं-सूं चालूच ठेवलं, मग "जरा पाणी आणता?" म्हणून गिऱ्हाइकाला आत पाठवायचं आणि पटकन उलटा हात लावून घ्यायचा.

जावयाने विजेवरची गाडी घेतली. वेगळी लाइन टाकायची सोडून चार्जरचा प्लग कोठीच्या खोलीतल्या पंपाच्या सॉकेटात खुपसला.

"अहो, पंप चालतो वीस मिनिटं," नाक म्हणाले. "तो पाहुणा, चहा पिऊन जाणारा. तुमची गाडी आठ-आठ तास ओढणार. ती घरजावई!"

"असू दे की," जावई हसला. "घरसासरा आहेच, आता घरजावईही येऊ दे."

"अहो!" मुलगी ओरडली. नाकही हसले, जरा उशिरा. त्यानंतर सॉकेटाचा विषय त्यांनी काढला नाही.

मग तो रविवार. दुपारची वेळ, गाडी चार्जिंगला, जावई वर झोपलेला. कोठीला लागूनच मुलीची शिवणाची खोली. गळ्यात टेप तशीच ठेवून ती बाहेर आली.

"बाबा, कोठीत कसला तरी घाण वास येतोय. बघा ना."

नाक कोठीत गेले. ती दारात उभी.

"जरा पाणी आण गं."

"आणते, आधी वासाचं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. सूं-सूं. काही नाही. हात सॉकेटाकडे निघालाही होता. पण तिची नजर त्यांच्यावरच होती, आणि हात वाटेतच वळून चष्मा सारखा करायला गेला.

"बाहेरच्या गटाराचा आहे. खिडकी लाव."

"नक्की ना?"

"मला विचारतेस नक्की?"

तिने खिडकी लावली, दार ओढून घेतलं. नाक बाहेर खुर्चीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले, कोठीकडे पाठ करून. अर्ध्या तासाने वर झोपलेला जावई खोकत उठला. मुलगी किंचाळत आली. दाराखालून निघालेला धूर नाकांच्या खुर्चीपर्यंत पोचला होता आणि नाक आडवा चार अक्षरी शब्द शोधत होते.

त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तोवर तिने प्लग ओढला होता, उजव्या हाताने. वितळलेला प्लग सॉकेटातून सुटला, पण तळव्यातून सुटेना.

दवाखान्यात पट्टी बांधून घेताना ती म्हणाली, "मासळी सडल्यासारखा येत होता हो वास. आपण तर आणलीही नव्हती."

सॉकेट आतून भाजायला लागलं की कधीकधी अस्साच वास येतो. नव्या वायरमनला ते पहिल्याच दिवशी हे सांगायचे, तेही मासळीवाल्याचा आवाज काढून.

"मला नाही आला," ते म्हणाले. "मला काहीच येत नाही. दीड वर्ष झालं."

मुलीने पट्टीतल्या हाताकडे पाहिलं.

"मग हात लावायचा होता ना, बाबा."

डॉक्टर म्हणाले, दोन बोटं पूर्ण मिटतील असं सांगता येत नाही.

आठवड्याने दुसरा वायरमन आला आणि गाडीसाठी वेगळी जाड लाइन टाकून गेला. जाताना त्याने नव्या सॉकेटाला सवयीने उलटा हात लावला. नाक दारात उभे राहून बघत होते. आत फोन वाजला. मुलीने डाव्या हाताने उचलला.

"नाकाला पाठवा हो," पलीकडचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

"ते आता येत नाहीत," ती म्हणाली. फोन ठेवून ती मशीनपाशी जाऊन बसली आणि डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करू लागली.

नाक जागचे हलले नाहीत. ओवून देतो, असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.