कौलाच्या पाकळीला फणसाचा चीक

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही — अगदी ह्यांनाही नाही, आणि ते तर आता भिंतीवर फोटोत आहेत. देवाला कौल लावताना मी लबाडी केली होती. आणि तीसुद्धा धड जमली नाही.

आज का सांगते? कुडाळला कॉलेजात जाणारी माझी नात परवा फोनवर मैत्रिणीला सांगत होती, आमच्या आजीने आयुष्यभर कॉम्प्रमाइज केलं म्हणून. ह्या पोरींना हा शब्द फार लागतो. हापूस नाही मिळाला, पायरी खाल्ली — कॉम्प्रमाइज. नवरा घोरतो — कॉम्प्रमाइज. दाराआडून ऐकताना माझे कान गरम झाले. मी? आणि कॉम्प्रमाइज?

वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या आणि मोठ्या जाऊबाईंच्या परड्याच्या बरोबर हद्दीवर एक कापा फणस आला. झाड त्यांनीच लावलेलं, उन्हाळ्यात कळशीने पाणी घालून जगवलेलं. मी लग्न होऊन आले ती थेट गरे खायला. तरी मला तो अख्खा हवा होता — का? त्यांचा होता म्हणून, दुसरं काय?

ठरलं, देवाला विचारायचं. गुरव पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवणार — उजवी त्यांची, डावी माझी. जिची आधी पडेल तिचं झाड. फुलांचं ताट न्यायचं काम माझ्याकडे. त्यांच्या पाकळीला मी गुपचूप फणसाचा चीक लावला आणि ती ताटात उजवीकडे ठेवली. पण अक्कल बघा — त्याच चिकट बोटांनी दुसरी पाकळी कोणी उचलली? मीच!

दोन्ही पाकळ्या घट्ट बसल्या. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, पुन्हा घातलं, ‘होय म्हाराजा’ म्हणून म्हणून आमचे घसे सुकले. दुपार झाली तरी काही हलेना. शेवटी गुरव म्हणाला, झाड एकीलाच द्यायचं देवाच्या मनात नाही — तडजोड करा, निम्मे निम्मे फणस घ्या. सगळ्यांनी हात जोडले. माझेही जोडले गेले — ते काही सुटेनात.

तेव्हापासून त्यांच्या झाडाचे निम्मे फणस मी खाते आहे. वर गावात समजूतदार म्हणून नाव.

त्या दुपारी मी विहिरीवर हात घासत बसले होते. जाऊबाई आल्या, खोबरेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, “हाताक तेल लाव गो. चीक पाण्यान जाणा नाय.”