शहाळ्याचं पाणी

आयडाबाईला मूल नव्हतं. पहिल्याच वाक्यात हे सांगून टाकते, कारण तारोडीत मला तिची ओळख अशीच करून देण्यात आली होती. १९६८च्या जूनमध्ये मी तिथल्या शाळेत शिकवायला आले आणि राहायला खोली शोधत होते. एक बाई म्हणाली, "त्या आयडाकडे जा. तिला पोरबाळ न्हाय, जागा रिकामीच हाय." मला राग आला. पण खोली हवी होती, म्हणून मुकाट्याने गेले.

मी सुगंधा, मूळची राजापूरची. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. म्हणजे मूल मलाही नव्हतं. पण मी शाळेतली बाई, त्यामुळे मला कुणी त्याबद्दल विचारत नसे. आयडाबाईला मात्र ज्याला त्याला विचारायची मुभा होती. बाजारात, विहिरीवर, अगदी चर्चच्या पायरीवरसुद्धा. येशूने वांझ म्हणून कुणाला दारातून हाकललं असेल असं वाटत नाही, पण गावाच्या रीती येशूहून जुन्या. बाळंतिणीच्या खोलीत तिला कुणी बोलवत नसे. बारशाला बोलवत, पण बाळ तिच्या हातात देत नसत. तोंडाने कुणी काही म्हणायचं नाही. बाळ आपलं या हातातून त्या हातात जायचं आणि तिला वगळून पुढे सरकायचं.

तिचा नवरा निकोलस नावेवर असायचा. आठ-आठ दिवस समुद्रात. घरी आला की जाळं विणत बसायचा आणि दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. माणूस सोन्यासारखा, पण सोनं कुठे बोलतं? आयडाबाई सकाळी बोंबील वाळत घालायला जायची, दुपारी घर सारवायची, आणि संध्याकाळ झाली की तिला काही सुचत नसे. तारोडीत तेव्हा संध्याकाळी घरोघरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, चालायची. घरातलं एक माणूस अर्धी प्रार्थना म्हणतं आणि उरलेली अर्धी बाकीची सगळी मिळून म्हणतात. आयडाबाई दोन्ही अर्ध्या स्वतःच म्हणायची. मध्ये जराशी थांबायची, कुणी म्हणेल का याची वाट बघावी तशी, आणि मग पुढे सुरू करायची. दोन वर्षांत ती प्रार्थना मला पाठ झाली. पण भिंतीपलीकडून साथ द्यायचा धीर काही मला झाला नाही. माझा देव वेगळा, म्हणून मी गप्प बसले. आता वाटतं, देवाला चाललं असतं.

मूल व्हावं म्हणून तिने काय केलं नव्हतं! मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून झालं. सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेत मातेला मेणाचं बाळ वाहायची रीत आहे. तशी आठ वर्षांत आठ बाळं वाहून झाली. मुलगा झाला तर त्याचं नावसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. लुईस, तिच्या वडिलांचं.

पण मी येण्याच्या आधी दोन वर्षं एक गोष्ट घडली होती. ती तिने मला खूप उशिरा सांगितली. शेजारच्या घरात मॉली राहायची, तेव्हा विशीतली पोर. १९६६च्या मे महिन्यात मॉलीचे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. पुरुष सगळे समुद्रावर होते. सासू गोड्या पाण्यासाठी लांबच्या विहिरीवर गेलेली. मे महिन्यात तारोडीच्या जवळच्या विहिरी मचूळ होत, ते पाणी भांडी घासण्यापुरतं. घरात होती ती सुईण, मोरव्याची सरूबाई. तिने पोर हातात घेतलं आणि कुंपणावरून हाक मारली, "कोण हाय का गं? पोर राहत न्हाय. तुमच्या देवाचं पाणी घालायचं असंल तर घाला बिगी बिगी!"

हाक ऐकायला आयडाबाईशिवाय कुणी नव्हतं. म्हणून लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली.

ख्रिस्ती माणसाला हे लहानपणापासून माहीत असतं की मरणाऱ्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. त्याला फादरच हवेत असं नाही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि ते शब्द म्हणायचे. बाप्तिस्मा झाला नाही तर पोर स्वर्गात जात नाही, आणि त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरतात, असं तेव्हा सगळे मानत. आयडाबाईने इकडेतिकडे बघितलं. चुलीवर पाणी होतं, पण उकळतं. मागे बादलीत होतं ते विहिरीचं खारट. आणि कोपऱ्यात, सासूने बाळंतिणीसाठी आणून ठेवलेली शहाळी होती.

तिने कोयता घेतला आणि शहाळं फोडलं. आमच्या किनाऱ्यावर शहाळ्याच्या पाण्यापेक्षा शुद्ध काही नाही. आजाऱ्याला तेच, उपासाला तेच. तिने ते बाळाच्या कपाळावर ओतलं आणि म्हणाली, "लुईस, मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." नाव कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ एकच होतं, ते तिने देऊन टाकलं.

बाळ अर्धा तास जगलं. तिच्याच मांडीवर गेलं. मॉली ग्लानीत होती. सासू आली तेव्हा बाळाला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून झालं होतं, आणि "पहिलटकरणीला दाखवू नये" म्हणून सासूने ते फडकं मॉलीसमोर सोडू दिलं नाही. दुपारी म्हातारे फादर आले. त्यांनी विचारलं, "पाणी घातलं? शब्द म्हटले?" आयडाबाई हो म्हणाली. कुठलं पाणी, हे त्यांनी विचारलं नाही. कुणाच्या डोक्यात येणार! दफनभूमीत छोटा क्रूस उभा राहिला.

त्या दिवसापासून आयडाबाईचं मेणाचं बाळ वाहणं थांबलं. तिने मनाशी धरलं की देवाघरी आपलं एक आहे. मॉलीचं आहेच, पण थोडं आपलंही. आईने जन्म दिला, मी नाव दिलं. एवढ्यावर ती चार वर्षं सुखात होती. मी राहायला आले तेव्हा ती बाई शांत होती, हे मला आठवतं. तेव्हा मला वाटलं होतं, हिचा स्वभावच असा असेल.

मग १९७०चा, ईस्टरच्या आधीचा उपासकाळ आला. गावात नवे फादर आले होते, तरुण. सगळी उपासना मराठीत करायचे, सगळं समजावून सांगायचे. डॉक्टर लांब म्हणून त्यांनी बायकांना एका दुपारी शिकवलं, अडल्या वेळी बाप्तिस्मा कसा द्यायचा. पाणी कुठलंही चालतं, ते म्हणाले. विहिरीचं, पावसाचं, खारं, गढूळ, अगदी समोरच्या समुद्राचंसुद्धा. पण पाणीच हवं. दूध चालत नाही, ताडी चालत नाही. ताडी म्हटल्यावर बायका हसल्या. "आणि नारळपाणी चालत नाही," फादर म्हणाले. त्यालाही बायका हसल्या.

आयडाबाई घरी आली ती निराळीच. मला वाटलं ताप आला. दोन दिवस जेवली नाही. मग पुढे चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसू लागली, आणि सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे गेले की ही एकटी बसून राहायची. गाव बोलायला मोकळंच. म्हणे, मूल दिलं नाही म्हणून आयडा देवावर रुसली. मीही एकदा चिडून म्हटलं, "आयडाबाई, तुमचा देव इतका वाईट नसेल हो." ती म्हणाली, "देव न्हाय वाईट, बाई. मी हाय."

चार वर्षं ती हे एकटीने वागवत होती. बोललं तर मॉलीचं पोर स्वर्गातून काढल्यासारखं होणार, कदाचित दफनभूमीतूनही. न बोललं तर देवाशी खोटं. आणि या सगळ्याच्या खाली तिचं स्वतःचं एक दुःख होतं, ते सांगायची तिला लाज वाटत होती. तिचं जे एकुलतं एक होतं, तेही गेलं होतं. एका जन्मात ती दोनदा निपुत्रिक झाली.

१९७४च्या नाताळानंतर मॉलीला चौथं मूल झालं, मुलगी. एका सकाळी मॉली कुंपणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आयडा, गॉडमदर तू हो." गावात असं कधी झालं नव्हतं. मॉलीच्या सासूने तोंड वाकडं केलं असणार, पण मॉली आता विशीतली पोर राहिली नव्हती. मी आनंदाने आयडाबाईकडे बघितलं, तर ती पांढरीफटक. गॉडमदर व्हायचं तर आधी पापकबुली द्यावी लागते, ख्रिस्तप्रसाद घ्यावा लागतो. आता लपायला जागा नव्हती.

त्या रात्रीचं जेवण तिने लवकर उरकलं आणि मला सगळं सांगितलं. शहाळ्यापासून. मी शिकलेली बाई, पण "जा फादरकडे," एवढंच म्हणाले.

शनिवारी ती गेली. परत आल्यावर फादर काय म्हणाले ते तिने स्वतःच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संस्कार देवाने आपल्याला लावून दिलेत. स्वतःला नाही त्यात बांधून घेतलं. तू त्या पोराला देवाच्या हवाली केलंस आणि देवाने हात मागे घेतला, असं वाटतं तुला?" मग त्यांनी विचारलं, "पण खारं पाणी समोर होतं, ते का नाही घातलंस?"

ती म्हणाली, "डोळ्यांत गेलं असतं, फादर. चरचरलं असतं त्याला."

मग ते म्हणाले, "आयडा, याला मी पाप म्हणू शकत नाही. शांतीने जा."

"आणि मॉलीला सांगू?" तिने विचारलं. फादर म्हणाले, सांगायलाच हवं असं नाही. पण हिला सांगायचं होतं. ज्या आईने आपली लेक हातात द्यायचं ठरवलंय, तिच्यापासून तिच्या मुलाचं काही लपवून ते हात पुढे करायचे नव्हते.

रविवारी बाप्तिस्मा होता. शनिवारीच संध्याकाळी मॉली बाळाचा झगा दाखवायला आली. मी ओटीवर वह्या तपासत होते, उठायला गेले तर आयडाबाई म्हणाली, "बसा बाई." आणि तिने उभ्या उभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही, कशाला रंग लावला नाही. फादर काय म्हणाले ते मात्र आधी सांगितलं नाही, म्हणजे मॉलीला रागवायचं असेल तर मोकळेपणाने रागावता यावं. असं कोण करतं?

मॉली खाली बसली. झगा मांडीवर तसाच. माझ्या मनात आलं, आता ही झगा उचलून चालू पडेल. मग दुसरी गॉडमदर मिळायला गावात काय उशीर!

मॉली बोलली, पण पाण्याबद्दल एक शब्द नाही.

"दिसायला कसा होता गं?" तिने विचारलं.

आयडाबाईला कळेना.

"लुईस," मॉली म्हणाली. "मना दाखवलाच न्हाय कुणी. आठ वर्सं झाली. सासूला विचारलं तर म्हणते विसर. सरूबाई मरून गेली. सारखं वाटतं विचारावं तुला, पण वाटायचं, तुझ्याकडे पोर न्हाय, तुला कसं विचारायचं. आता तूच बोललीस म्हणून. कसा होता?"

आयडाबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आठ वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिला सगळं आठवत होतं. केस होते, भरपूर, ओले आणि काळे. डावा कान थोडा दुमडलेला. नखं तांदळाच्या कणीएवढी. हनुवटी मॉलीच्या बापासारखी. ती सांगत होती आणि मॉली मध्ये मध्ये "आणि?" म्हणत होती. ती "आणि?" म्हणाली की ही आणखी काही शोधून द्यायची. मी वह्या मिटून बसले होते. या जगात त्या पोराला जिवंत पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर बसलं होतं.

"रडला?" मॉलीने विचारलं.

"न्हाय. पण एकदा डोळे उघडले," आयडाबाई म्हणाली. "माझ्याकडे बघत व्हता. त्याला वाटलं असंल मीच आई. मी सांगितलं त्याला, मी न्हाय रे बाळा, तुझी आई ती बघ, बाजूलाच हाय."