दोन काचांमधलं भाताचं पीक

मी गळती तपासणारा माणूस आहे. तळेगावच्या एका कारखान्यात रबराच्या सीलमधून हवा निसटते का, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढची हकिकत कृपया कारखान्यात कुणाला सांगू नका.

आमचं गाव पवनानगरच्या अलीकडे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पावसाळाभर चिखलात पाय ठेवायला बंदी केली. आबांनी उभ्या आयुष्यात भाताची एकही लावणी चुकवली नव्हती. ते डॉक्टरांना काही बोलले नाहीत, घरी येऊन मला बोलले.

"माजी खाट खिडकीपाशी लाव. लावनी दिसली पायजे मला. न्हाईतर रांगत जाईन शेतावर!"

पण त्या खिडकीतून पाऊस आडवा येतो आणि थेट खाटेवर उतरतो. खिडकी लावली की शेत दिसेना, उघडली की आबा भिजणार. मी मोबाइलवर शोधलं आणि उपाय सापडला : दुहेरी काच! वारा नाही, पाऊस नाही, आवाजसुद्धा नाही.

कामशेतचा काचवाला म्हणाला, "साहेब, याचा तयार संच येतो. मध्ये कोरडी हवा भरून कारखान्यातच कडा बंद करतात. आत ओल पिणारे दाणेही असतात. महिना लागेल."

"महिन्यात लावणी उरकेल! दोन साध्या काचा द्या आणि चार नळ्या सिलिकॉन. सील म्हणजे काय, ते मला शिकवू नका."

(हे वाक्य त्याने नंतर निम्म्या बाजारपेठेला ऐकवलं.)

भर झिमझिमीत, अंगावर रेनकोट घालून मी दोन्ही काचा चौकटीत बसवल्या. मध्ये अंगठाभर जागा, कडेला सिलिकॉनचा असा थर की मुंगी आत जाणार नाही. आबा तीन दिवस खूश होते. चौथ्या दिवशी सकाळी हाक आली.

"आरं, शेत कुटं गेलं?"

काच पांढरीफट्ट! मी आतून पुसली. काही नाही. छत्री धरून बाहेरून पुसली. काही नाही. दव दोन काचांच्या मध्ये होतं. माझी बायको शुभांगी तळेगावची, शाळेत विज्ञान शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "पावसात बसवलीत ना? म्हणजे पवनाकाठची ओली हवाच आत कोंडलीत. बाहेरची काच गार पडली की ती हवा तिथेच पाणी सोडणार. कुठून निघून जाईल बिचारी? तुम्ही सील इतकं छान केलंय!"

आयुष्यात पहिल्यांदा माझं सील गळलं नव्हतं, आणि तेच नडलं.

मी तिचा केस वाळवायचा ड्रायर काचेवर धरला. दव गेलं! आबांना शेत दिसलं! मी ड्रायर बंद केला. शेत गेलं.

"चालूच ठिव की त्ये," आबा म्हणाले.

"आबा, लावणी आठ दिवस चालते."

"मग? तुला दुसरं काय काम हाय?"

तेव्हा मला ते ओल पिणारे दाणे आठवले. मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतोच की! पण तांदळाला किडे होतात, म्हणून मी डोकं चालवलं आणि टरफलासकट भात घ्यायचं ठरवलं. कोठीत दाराशीच एक पिशवी होती. मी चौकटीला वरून भोक पाडलं, रॉकेलचं जुनं नरसाळं लावलं आणि दोन शेर भात काचांमध्ये ओतला. भोक तसंच ठेवलं, ओल बाहेर जावी म्हणून. पावसाला मात्र ते आत यायचं निमंत्रण वाटलं.

भात ओतल्यापासून सहाव्या दिवशी आबांनी सगळ्या घराला बोलावलं. काचेत हिरवेगार कोंब उभे होते! तळाला मुळ्यांची जाळी, वर बोटभर पाती.

"कंच्या पिशवीतला घेतलास रं?"

"दाराजवळच्या."

"बियानं हाय ते! रोपाला टाकून उरल्यालं!" आबांनी काचेला नाक लावलं. "उगवान मातूर झ्याक झालीय. लावनी हितंच करायची का?"

आम्ही हसलो, पण आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी खरी लावणी होती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ते नुसतं म्हणाले, "ऱ्हाऊ दे. औंदा न्हाई बगायची." मी पटाशी घेतली आणि संध्याकाळपर्यंत काचा, कोंब, सिलिकॉन सगळं उपसून काढलं. शुभांगीने बाहेरून खिडकीवर एक पत्रा तिरका बांधला. अर्ध्या तासात काम झालं. थेंब आत येईना.

सकाळी मी खाचरात उतरलो आणि वळून पाहिलं. उघड्या खिडकीत आबा बसले होते, डोळे पुसत. मला भरून आलं. मी हात हलवला.

"हात काय हालवतुयास?" खिडकीतून आवाज आला. "डावीकडून दुसरा! व्हय, तूच! रोपं लावतुयास का फेकतुयास? वळ वाकडी चाललीया, बग की जरा!"

सगळं शेत हसलं. मी ओळ सरळ केली, तर उजवीकडून वाकडी झाली, हेही आबांनी कळवलं. दुपारी ते फक्त जेवणापुरते थांबले. दिवसभर पाऊस होता, पण आवाज स्वच्छ येत होता. दिवसाची शेवटची ओळ लावताना मी कंबर धरून त्या खिडकीकडे पाहिलं आणि अगदी मनापासून वाटलं, की माझी काच इतकीही काही वाईट नव्हती!